न्हाणीघराची जमीन: टाइल की तयार ट्रे?

गेल्या दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि काही न बोलता त्यांनी फोनमधला एक फोटो माझ्यापुढे धरला. त्यांच्या बाथरूमच्या छतावर, आमच्या ट्रॅपच्या, म्हणजे मोरीतले पाणी जिथून खाली जाते त्या तोंडाच्या, बरोबर खाली, परातीएवढा पिवळट डाग पडला होता आणि त्याच्या कडेने रंगाचे पापुद्रे सुटून लोंबत होते. काकू भांडणाऱ्या नाहीत, त्यामुळे मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. सोसायटीच्या नियमांनुसार आपल्या मोरीतून होणाऱ्या गळतीचा खर्च आपणच करायचा असतो, त्यामुळे सेक्रेटरींकडे जाण्यातही अर्थ नव्हता. बाथरूम फोडावी लागणार, हे त्याच क्षणी ठरले. फोडल्यावर जमीन कशाची करायची, हे ठरायला मात्र पुढचे तीन आठवडे लागले.

आमची इमारत पुण्यात कोथरूडला, नव्वदच्या दशकातली आहे. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा सुमारे फूटभर खाली टाकलेला असून त्या खोलगट भागातून पाईप गेले आहेत आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला आहे. बारा वर्षांपूर्वी आम्ही ही बाथरूम एकदा ‘नवी’ केली होती, म्हणजे त्या वेळच्या ठेकेदाराच्या सल्ल्याने जुन्या टाइल न काढता त्यांच्यावरच नव्या टाइल चिकटवल्या होत्या. धूळ नाही, मलबा नाही, चार दिवसांत काम पूर्ण, असे त्याचे म्हणणे होते आणि ते शब्दशः खरे ठरले. जमीन पाऊण इंच वर आल्यामुळे उंबऱ्याची उंची तेवढी कमी झाली आणि ट्रॅपची जाळी खड्ड्यात गेली. मुख्य म्हणजे ट्रॅपचे जुने तोंड आणि नव्या टाइल यांच्यामध्ये जी फट राहिली ती पांढऱ्या सिमेंटने लिंपली गेली. या खेपेला फोडकाम झाले तेव्हा ते पांढरे सिमेंट बोटाने उकरता येत होते आणि त्याखालचा कोबा भिजलेल्या बिस्किटासारखा झाला होता. विटांच्या कोब्याचे हेच दुखणे आहे. पाणी एकदा आत शिरले की तो ते धरून ठेवतो, आणि मग आठ दिवस बाथरूम वापरली नाही तरी खालचे छत ओलेच राहते.

तयार ट्रेची कल्पना माझ्या पत्नीची. शॉवरच्या कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांचा ॲक्रिलिकचा ट्रे बसवायचा, भोवती काच लावायची, म्हणजे पाणी तेवढ्याच जागेत राहील आणि बाकीची जमीन कोरडी राहील, असा तिचा हिशेब होता. दुकानात जाऊन आम्ही तो प्रकार नीट पाहिला. ॲक्रिलिकच्या पत्र्याला खालून फायबरग्लासचा थर दिलेला असतो आणि कडा चार-पाच इंच उचललेल्या असतात. ढाळ कारखान्यातच साच्यात आलेला असल्यामुळे पाणी सगळीकडून भोकाकडेच जाते. पायाला तो लादीसारखा गार लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला एकही सांधा नसतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मी बराच अडकलो, कारण घरी येऊन मी सांध्यांचा हिशेब मांडला होता. आमची बाथरूम चार फूट बाय सात फूट आहे. तीत फूटभराच्या चौकोनी टाइल लावल्या तर आतल्या सांध्यांची एकूण लांबी 45 फूट होते आणि भिंतीलगतची 22 फुटांची कड वेगळी. दोन फुटी टाइल घेतल्या तर सांधे 19 फुटांवर येतात. आणि पत्नीला आवडलेले दोन इंची मोझॅक घेतले तर तोच आकडा 325 फुटांवर जातो. म्हणजे खालच्या काकू आणि आपण यांच्यामध्ये सव्वातीनशे फूट दर्जा (टाइलमधल्या फटीत भरायचा मसाला) भरलेली रेघ, आणि ती भरणारा माणूस दुपारी जेवणानंतर थोडा पेंगलेला. त्या तुलनेत शून्य सांध्यांचा ट्रे कोणालाही मोहात पाडील.

खरे तर सांधा नसलेली न्हाणी आपल्याकडे नवी नाही. माझ्या आजोळी, वाईजवळ, मागच्या पडवीत न्हाणी होती आणि तिची जमीन म्हणजे काळ्या पाषाणाची एकच घडवलेली शिळा होती. टाकीने खडबडीत केलेली, मधोमध नकळत खोलगट, एका बाजूला पन्हळ काढलेली, आणि त्या पन्हळीतले पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जाई. शेजारी तांब्याचा बंब आणि बसायला पाट. विचार केला तर तोही तयार ट्रेच म्हणायचा, फक्त तो पाथरवटाच्या हातचा होता आणि त्याच्याखाली कोणी राहत नव्हते.

हे ‘खाली कोणी राहत नव्हते’ मनात आले आणि माझा विचार दुसऱ्या दिशेने वळला. पाणी अडवण्याचे काम टाइल करतच नाही. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, पण सिमेंटचा दर्जा पाणी पितो आणि थोडे खाली सोडतो, हे गृहीत धरूनच जमीन करायची असते. ते पाणी अडवतो टाइलखालचा लेप. मग प्रश्न उरतो तो ट्रेचा. ट्रेला मधे सांधा नाही हे खरे, पण त्याची कड भिंतीला जिथे टेकते तिथे सिलिकॉनची रेघ असते, आणि भोकाशी रबरी वायसर असतो. रोज उभे राहून ट्रे किंचित जरी दबला, तरी ती रेघ कधीतरी सुटते. दुकानातल्या नमुन्यावर मी बूट काढून उभा राहिलो तेव्हा मधोमध तो अगदी थोडासा दबल्याचे टाचेला जाणवले होते. असा ट्रे पायांवर न ठेवता खाली सिमेंट-वाळूचा मसाला पसरून त्यावर दाबून बसवावा लागतो, आणि हे काम नीट केलेले मी आमच्याकडच्या फारशा घरांत पाहिलेले नाही. सुटलेल्या रेघेतून गेलेले पाणी ट्रेच्या खाली, डोळ्यांआड, साचत राहते. याचा अर्थ असा की आपल्या पद्धतीच्या बाथरूममध्ये ट्रे घेतला तरी त्याच्याखालचे फोडकाम, कोबा आणि लेप यांतले काहीही वाचत नाही. तो सगळा खर्च करून झाल्यावर मग ट्रेचा आणि काचेचा खर्च वेगळा.

ट्रे जिथे शोभतो ती जागा वेगळी आहे. माझी बहीण न्यू जर्सीत राहते आणि तिचे घर लाकडी वाशांवर प्लायवूड ठोकून उभे आहे. तिथे टाइलची जमीन करायची म्हणजे लाकडावर मसाल्याचा जड थर, त्यात पाणी न झिरपू देणारे आवरण आणि फुटाला पाव इंच ढाळ असा सगळा व्याप असतो, शिवाय लाकूड थोडेफार हलते, त्यामुळे दर्जाला तडा जाण्याची धास्तीही असते. त्यापेक्षा हलका, एकसंध ट्रे आणून बसवणे तिथे शहाणपणाचे ठरते. पण त्या घरातल्या बाथरूमची उरलेली जमीन कोरडी राहणार असे धरूनच सगळे बांधलेले असते, तिला ट्रॅपच नसतो. आई सहा महिने तिकडे होती तेव्हा तिने ट्रेमध्ये स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ सुरू ठेवली. पडदा स्टुलाच्या आड येत होता म्हणून ती तो सरकवून ठेवी. तिसऱ्या आठवड्यात खालच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. बहीण हे हसून सांगते, आई अजून हसत नाही.

निर्णय शेवटी आईवरच येऊन थांबला. ती 76 वर्षांची आहे, तिचा उजवा गुडघा दुखतो, आणि पाच इंचांची कड रोज ओल्या पायाने ओलांडणे हे तिच्यासाठी काम आहे. कड नसलेले, जमिनीच्या पातळीत बसणारे ट्रेही मिळतात, पण ते बसवायला खालचा सगळा भाग आणखी खोल घ्यावा लागला असता आणि आमच्या पाईपांची उंची त्याला परवानगी देत नव्हती. त्यात आईची स्टीलची बादली, जी ती उचलत नाही, ओढते. ॲक्रिलिकवर ती आठवड्याभरात ओरखडे पाडणार हे उघड होते. आणखी एक बाब दुकानात कोणी सांगत नाही. आपण भिंतीवर तांब्याने पाणी मारून बाथरूम धुतो, बाहेरचे पायपुसणे आत आणून घासतो, क्वचित चादरही आपटतो, म्हणजे आपली सगळी बाथरूम हीच मुळात शॉवरची जागा असते. तिच्यातला तीन फुटांचा तुकडा वेगळा काढून उरलेली कोरडी राहील असे मानणे हे नकाशावर छान दिसते.

म्हणून टाइल. पण या वेळी मी सुट्टी घेऊन कामावर हजर राहिलो.

मिस्त्री साठीच्या घरातले, मूळचे लातूरकडचे. त्यांनी आधी जुना कोबा स्लॅबपर्यंत काढला, पाईप बदलले, ट्रॅप नव्या पातळीला बसवला आणि स्लॅबमधून पाईप जातो त्या प्रत्येक भोकाभोवती न आकसणारा मसाला ठासून भरला. भिंत आणि जमीन यांच्या कोनात त्यांनी वाटा काढला, म्हणजे काटकोन मोडून मसाल्याचा गोलसर उतार दिला, कारण लेपाला तडा जातो तो नेहमी काटकोनात. लेपाचे दोन हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, जमिनीवर आणि भिंतीवर फूटभर, शॉवरच्या बाजूला पार डोक्याच्या वरपर्यंत. मग ट्रॅपच्या तोंडात बोळा कोंबून दोन इंच पाणी भरले आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. 48 तास ते पाणी तसेच ठेवले. काकू दर चार तासांनी आपल्या छताचा फोटो पाठवत होत्या, रात्री अकरालाही. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या केसभर खाली गेले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, एवढं तर हवाच पिते.’’ तरीही मी आणखी एक दिवस थांबायला लावले. पाणी तिथून हलले नाही आणि छत कोरडे राहिले. त्यानंतरच वर नवा कोबा पडला.

टाइल निवडताना एक गोष्ट नव्याने कळली. दुकानदार ‘आर 10’, ‘आर 11’ असे न घसरण्याचे अंक दाखवतात. ती जर्मन चाचणी असते ती बूट घातलेल्या माणसाची, तेल सांडलेल्या उतारावर चालण्याची, म्हणजे कारखान्याच्या उपयोगाची. अनवाणी पायाने आणि साबणाच्या पाण्यावर घेतलेली चाचणी वेगळी असते. तिच्यात ए, बी, सी अशा श्रेणी असतात आणि बी म्हणजे किमान 18 अंशांच्या उतारापर्यंत पाय टिकतो. बाथरूमसाठी विचारायची ती हीच श्रेणी. मी विचारली तेव्हा दुकानातल्या मुलाने आत जाऊन कोणाला तरी फोन केला, पण खोक्यावरची माहिती शेवटी सापडली. फार खरखरीत टाइलही घेऊ नये, कारण आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि त्यातला क्षार खरखरीत पृष्ठभागावर पांढरा होऊन बसतो, तो ॲसिडनेही धड निघत नाही.

आकार फूटभराचाच घेतला. दोन फुटी टाइलने सांधे कमी झाले असते, पण ट्रॅप कोपऱ्यात असल्यामुळे ढाळ दोन दिशांनी द्यावा लागतो आणि मोठी टाइल दोन दिशांना वाकत नाही. ती तिरकी कापावी लागते आणि कापली की सांधा वाढतोच. ढाळ 80 फुटांना एक फूट या हिशेबाने धरला, म्हणजे आमच्या सात फुटांत साधारण एक इंच. बहिणीकडच्या प्रमाणापेक्षा हा कमी आहे, पण जिथे बादली आणि स्टूल ठेवायचे तिथे जास्त तिरकी जमीन आईला चालली नसती. दर्जा इपॉक्सीचा भरला. तो सिमेंटच्या दर्जापेक्षा कितीतरी महाग पडतो आणि भरल्यावर लगेच पुसून काढला नाही तर टाइलवर तसाच चिकटून बसतो, म्हणून मिस्त्रींनी एका वेळी चारच टाइलपुरता कालवला आणि मुलाला स्पंज घेऊन मागे बसवले.

मुलाच्या बाथरूमचे काम पुढच्या वर्षी निघेल. तो उभ्यानेच आंघोळ करतो आणि बादलीला हात लावत नाही, त्यामुळे तिथे ट्रेचा विचार मी पूर्ण सोडलेला नाही. खाली लेप मात्र तितकाच करीन.

आईने पहिली आंघोळ केली त्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो आणि मग आत जाऊन तांब्याभर पाणी ओतून पाहिले. सगळे पाणी ट्रॅपकडे गेले, दाराजवळचा एक कोपरा सोडून. तिथे एका टाइलचे टोक किंचित खाली बसले आहे आणि तळहाताएवढे पाणी राहते. मिस्त्रींनी ती टाइल काढून पुन्हा बसवतो असे सांगितले होते, आईनेच नको म्हटले. आंघोळ झाली की ती भिंतीच्या दांडीला धरून उभी राहते आणि डाव्या पायाने ते पाणी ट्रॅपकडे सारते.