कशी बंद पडली, ते आधी सांगा

“गाडी जुनी आहे. चालता चालता बंद पडते, चढावर ओढत नाही. कोणता पार्ट बदलू?” ओळखीतल्या कुणाकडे जुनी पेट्रोल गाडी आली की महिन्याभरात हा प्रश्न माझ्याकडे येतोच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं पहिलं उत्तर कुणालाच आवडत नाही: अजून काहीच बदलू नका. आधी सांगा, ती बंद कशी पडली?

दिवा मालवावा तशी एका क्षणात गप्प झाली, तर माझा संशय पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीवर जातो. म्हणजे कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), पॉइंट (तिचा करंट तोडणारा-जोडणारा), इग्निशन स्विच किंवा त्यांना जोडणारी एखादी सैल वायर. आचके देत, मध्येच जीव धरत, मग पुन्हा ढेपाळत बंद पडली, तर पेट्रोलवर. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, त्यामुळे मागून पुरवठा तुटला तरी तेवढं संपेपर्यंत इंजिन रडतखडत चालतं. ठिणगीकडे अशी शिल्लक नसते. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा असेल तर तोही बघा. गाडी अजून गिअरमध्ये वेगात आहे, इंजिन चाकांबरोबर फिरतंय आणि काटा मात्र धाडकन शून्यावर आला, तर ठिणगीची लाइनच तुटली असं जवळजवळ धरून चालायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न: किती वेळाने बंद पडते आणि पुन्हा कधी सुरू होते? सकाळी थंड असताना उत्तम, अर्ध्या तासाने बंद आणि वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं, ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. गंमत अशी, की अगदी वेगवेगळे बिघाड इथे एकच सोंग घेतात. कॉइलच्या आतली तार तापली की तुटते, निवली की जुळते. इंजिनाच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं, तर पेट्रोल जसं कमी होतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हरतो. थांबलात की हवा हळूहळू आत झिरपते, गाडी पुन्हा सुरू. टाकीत तरंगणारा कचराही असाच: ओढ असेपर्यंत पाइपाच्या तोंडाला चिकटतो, इंजिन थांबलं की सुटून खाली बसतो.

म्हणून गाडी मेलेली असतानाच तपासायची. निवल्यावर, टो करून गॅरेजात नेल्यावर मेकॅनिक सेल्फ (स्टार्टर) मारतो, ती पहिल्या झटक्यात सुरू होते, आणि मग अंदाजपंचे पार्ट बदलणं सुरू होतं. बंद पडली की बाजूला घ्या, बॉनेट उघडा, एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरचा थ्रॉटल (पेडलने उघडणारी झडप) हाताने एकदा उघडा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे आणि दोष बहुधा ठिणगीकडे. कोरडं असेल तर टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली, तर चोर तिथेच सापडला. पंपावर ओला फडका ठेवून गाडी लवकर सुरू झाली, तर वाफेचा संशय पक्का. ठिणगी बघायची ती जादा प्लग लावून, त्याचा धातू इंजिनला टेकवून, आणि पेट्रोल सांडलेलं नाही याची खात्री करून. घाईत हे विसरणारे लोक मी पाहिलेत.

सेल्फ मारताना इंजिन सुरू होतं आणि किल्ली सोडताच बंद, असं असेल तर कार्बोरेटरला हातही लावू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत सेल्फ चालू असताना कॉइलला थेट करंट जातो आणि किल्ली सोडल्यावर तो रेझिस्टरमधून (करंट कमी करणाऱ्या भागातून) जातो. तो रेझिस्टर किंवा स्विचचा तेवढाच कॉन्टॅक्ट गेलेला असतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझी स्वतःची गाडी एकदा विचित्र वागू लागली. आयडलिंगला, म्हणजे पेडल न दाबता उभी असताना, घड्याळासारखी. पेडल पूर्ण दाबलं तर धावायची. पण निवांत, अर्ध्या पेडलवर चालवली की फटकन बंद. मी कॉइल बदलली, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलला, प्लगच्या वायरी बदलल्या, कार्बोरेटर दोनदा खोलला. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं, इंजिन चालू ठेवलं, डिस्ट्रिब्युटरकडे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारा व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्याने होणाऱ्या पोकळीचा, बारीक पाइप तोंडात धरला आणि हवा ओढली. इंजिन बंद. सोडून पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा बंद. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटची प्लेट व्हॅक्यूमने थोडी फिरते आणि तिच्याबरोबर एक छोटी वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती आवरणाच्या आत तुटली होती; बाहेरून धडधाकट दिसत होती. माझ्या गाडीत तो व्हॅक्यूम आयडलिंगला नसतो, पेडल पूर्ण दाबल्यावर जवळजवळ संपतो, आणि अर्ध्या पेडलवर सर्वांत जास्त असतो. गाडी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. मीच ऐकत नव्हतो.

आता ओढ कमी असण्याबद्दल. आधी फालतू वाटणाऱ्या गोष्टी बघा. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का, ते वरून पाहा. केबल सैल झालेली किंवा पेडलखाली मॅट दुमडलेली मी स्वतः पाहिली आहे. थोडं चालवून चाकांना हात जवळ नेऊन बघा. एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. यांतलं काही नसेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मग सायलेन्सर. व्हॅक्यूम गेज लावलं तर निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. 2500 आरपीएमवर धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला, तर धुराची वाट तुंबली आहे.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, शेवटी. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बराच कमी दिसला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा इंजिनच्या डोक्याखालचं गॅस्केट. शेजारचे दोन कमी असतील, तर मधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता जास्त.

माझी ती वायर दहा मिनिटांत बदलून झाली. काढलेले चांगले पार्ट मी डिकीतच ठेवले होते, ते बरं झालं. नवा कंडेन्सर सहा महिन्यांत गेला आणि जुनाच परत बसवला. तो अजून चालतोय.