आजोबांचा माग संग्रहालयात पोचवताना: माझा अनुभव

एक फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तीन महिने लागले. त्याचा राग अजून गेला नाही, म्हणून लिहितोय.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांचा खड्डामाग होता, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग. घर पाडायचं ठरलं तेव्हा भंगारवाला लाकूड न्यायला आलाच होता. मी म्हटलं, थांबा. आमच्या भागात स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आहे, वाचनालयातल्या दोन कपाटांपासून वाढत आता तीन खोल्यांचं झालंय. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जुनं जैन मंदिर आहे, कित्तूरच्या किल्ल्यात सरकारी संग्रहालय आहे, पण विणकराचं घर बघायचं कुठं? बेळगावचा १२०४ सालचा रट्ट राजांचा शिलालेख तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसलाय. माग तरी इथंच राहावा, असं फार वाटत होतं.

संग्रहालयवाले एका फेरीत तयार झाले. अडलं ते अर्जातल्या ‘वस्तूचे वय’ या रकान्यात. मी अभिमानानं लिहिलं, ‘शंभर वर्षांहून जास्त’. संग्रहालयाला अनुदान आहे, त्यामुळे अर्ज एका कचेरीतून मंजूर व्हावा लागतो. तिथल्या कारकुनानं तो आकडा बघितला आणि फाईल मिटली. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते, तेव्हा नोंदणीचा दाखला आणा म्हणाले. दाखला कुठं मिळतो? ते त्यांनाही सांगता येईना. दर सोमवारी गेलो की ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. उद्या गेलो की साहेब मीटिंगला. मधेच मालकीचा पुरावा मागितला. मागाची पावती कोण जपून ठेवतं हो? आजोबांची मजुरीची वही होती, ती मोडीत. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात, पुढं १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, त्यामुळे जुनं कागदपत्र मोडीत आणि मराठीत असणारच. वही पुढं केली तर कन्नड भाषांतर हवं म्हणाले. मोडी वाचणारा शोधायला कोल्हापूर गाठलं, तिथून परत येऊन भाषांतर करून घेतलं. ते दिलं तेव्हा टेबलावरचा माणूस बदललेला, आणि सगळं पहिल्यापासून.

शेवटी संग्रहालयातल्या एका निवृत्त सरांनी कायदा काढून वाचला. नोंदणी सगळ्याच जुन्या वस्तूंना लागत नाही. सरकारनं अधिसूचनेत सांगितलेल्या प्रकारांनाच लागते: मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या असे. लाकडी माग त्यात नाही. एवढंच एका पानावर कन्नडमध्ये लिहून अर्ज दिला, पोच घेतली. चौथ्या दिवशी सही झाली. चौथ्या दिवशी! तीन महिने मी कुणाच्या दारात उभा होतो?

म्हणून सांगतो, तोंडी काही विचारू नका. लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. वय खरं लिहा, पण पुरावा असेल तेवढंच. आमच्या वहीत १९३१ च्या नोंदी आहेत, तेवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं.

सगळ्या वारसांची संमती आधीच घ्या, हे सांगायचं राहिलं. आमच्या दोन आत्या आणि एक चुलते, तिघांच्या सह्या एकाच स्टॅम्प पेपरवर घेतल्या, ते काम अर्ध्या दिवसात झालं. माग सोडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नाहीतर धागे वेगळे ठेवणारी फणी कुठं बसते ते परत जोडताना कळत नाही. जुनी वही लॅमिनेट करू नका, फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको.

माग आता तिसऱ्या खोलीत उभा आहे. पाटीवर आधी नुसतं ‘हातमाग’ होतं, मराठीत आणि कन्नडमध्ये. मी आग्रह धरला आणि खाली एक ओळ घालून घेतली: ‘या मागासाठी सुताच्या कांड्या घरातल्या बायका भरत.’ थोरल्या आत्यानं ती दोनदा वाचली.