पिवळी खूण

कालपासून मन थाऱ्यावर नाही, आणि कारण सांगू गेले तर हसू यावे इतके किरकोळ आहे. रात्री जेवणे झाल्यावर टीव्हीवर ‘इंग्लिश विंग्लिश’ लागला होता. शशीच्या सासूबाई पडद्यावर आल्या तशी भाची म्हणाली, “मावशी, ही आजी किती गोड आहे ना? कोण गं ही?” मी म्हणाले, “बेणारे.” तिने विचारले, “म्हणजे आडनाव बेणारे?” त्यावर मी काही न बोलता उठले आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागले.

सुलभा देशपांडे हे नाव मला सांगता आले असते. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक रंगमंचावर आणले, त्यातली नायिका लीला बेणारे त्यांनी उभी केली. बेणारे शिक्षिका आणि सुलभाताईही छबिलदास शाळेत शिक्षिका. पुढे पती अरविंद देशपांडे यांच्यासोबत त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था उभी केली, त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांचा एक काळ घडला आणि ‘चंद्रशाळे’त त्यांनी मुलांकडून नाटके करून घेतली. हे सारे सांगण्याऐवजी मी ओटा का पुसला, हे मला कळत नाही. ज्या बाईने बेणारेचे ते शेवटचे स्वगत पेलले, तिला हिंदी चित्रपटाने कोणाची तरी आई, कोणाची तरी सासू करून कोपऱ्यात बसवले, याचाच तो राग असावा, असे मी रात्रभर स्वतःला समजावत राहिले.

पण तो राग खरा नव्हता. १९६७ साली मी पाळण्यात होते. तो प्रयोग मी पाहिलेला नाही, पाहिला तो आईने, आणि मला ठाऊक असलेली बेणारे बरीचशी आईच्या सांगण्यातून आलेली आहे. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये केलेला चित्रपट पाहिला तो फार पुढे. मी स्वतः थेट भेटले ती ‘चौकट राजा’तल्या नंदूच्या आईला, म्हणजे आईच्याच भूमिकेला, आणि तेव्हा मला ती भूमिका दुय्यम मुळीच वाटली नव्हती. उलट त्या मुलासाठी तिचा जीव तुटताना पाहून मी चित्रपटगृहात रुमाल शोधत होते. भाचीला काल त्या सासूबाई गोड वाटल्या, तेही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. उसना राग घेऊन बसले होते ती मीच.

खरी गोष्ट शनिवारची आहे. आमच्या मंडळींनी ‘शांतता!’ पुन्हा करायचे ठरवले आहे, आणि वाचनाच्या वेळी माझ्यापुढे जी संहिता सरकवण्यात आली, तिच्यात बेणारेच्या नव्हे, तर मिसेस काशीकर या दुसऱ्या पात्राच्या वाक्यांवर आधीच पिवळी खूण केलेली होती. मला कोणी विचारले नाही. विचारण्यासारखे काही आहे, असे कोणाला वाटलेही नसावे. कॉलेजात त्याच स्वगतासाठी मिळालेली ढाल अजून माळ्यावर आहे, असो. यांना मी अद्याप काही सांगितलेले नाही.

आज दुपारी ती संहिता घेऊन बसले. मिसेस काशीकर ही बाई वाटते तितकी सोपी नाही. नवरा येताजाता तिचे तोंड बंद करतो, आणि ती सगळी कसर बेणारेवर काढते. तिचा गोडवा आणि तिचा विखार एकाच सुरात बोलता आला पाहिजे, आणि तो सूर मला अजून सापडलेला नाही. पन्नाशी उलटल्यावर हे पात्र वाट्याला येणे हा अपमान आहे की सोय, याचा निकाल लागेपर्यंत पहिल्या प्रवेशाची वाक्ये निम्मी पाठही झाली होती, आणि बेणारेच्या वाक्यांकडे पाहायचे एकदोन वेळा चक्क राहून गेले.

नवरा गजरा घेऊन देतो म्हणून ती कौतुकाने मिरवते, तो गजरा मात्र प्रयोगाला लागणाऱ्या वस्तूंच्या, म्हणजे प्रॉपर्टीच्या, यादीत कोणीच लिहिलेला नाही. उद्या तालमीला जाताना स्टेशनबाहेरून मीच घ्यावा हे बरे, कारण कागदी फुलांच्या गजऱ्यावर ती बाई इतका तोरा मिरवणार नाही.