पब्लिक पॉलिसीचा अर्ज आणि साहेबांचं शिफारसपत्र

ऑक्सफर्डच्या ब्लावट्निक स्कूल ऑफ गव्हर्नमेंटमध्ये एमपीपीसाठी (सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर पदवीसाठी) अर्ज करायचा म्हटलं की लोक निबंधाची, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची आणि खर्चाची धास्ती घालतात. निबंध आपल्या हातात असतो. परीक्षा पुन्हा देता येते. हातात नसतात ती तीन शिफारसपत्रं. माझा अर्ज तिथेच अडकला आणि त्याची चिडचिड अजून पुरती गेलेली नाही. म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर लिहितो.

शाळेबद्दल दोनच वाक्यं. 2010 मध्ये स्थापना, 2012 मध्ये पहिली तुकडी. एमपीपी एका वर्षाची, त्यामुळे निवड करणाऱ्यांना तुम्ही काय शिकलात याइतकंच आजवर सार्वजनिक कामात काय केलंत हेही पाहायचं असतं. तीनपैकी निदान एक पत्र शिक्षकाचं आणि एक कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाचं असावं, ते यासाठी. ज्यांनी जिल्हा परिषदेत, एखाद्या मिशनमध्ये किंवा फेलोशिपवर काम केलंय त्यांच्या कामाचा साक्षीदार बहुतेक वेळा सरकारी अधिकारीच असतो. इथून गाडी घसरते.

पद्धत अशी: अर्जात तुम्ही शिफारस देणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ईमेल भरता. त्या पत्त्यावर विद्यापीठाच्या यंत्रणेकडून लिंक जाते आणि पत्र तिथे थेट अपलोड होतं. ते तुम्हाला दिसत नाही. जीमेलच्या पत्त्यावर शंका घेतली जाते, म्हणून संस्थेचा पत्ता द्यावा असं सगळे सांगतात. प्राध्यापकांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. अधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र संस्थेचा पत्ता बहुतेकदा पदनामाचा असतो, माणसाचा नसतो. बदली झाली की तो मेलबॉक्स नव्या साहेबांकडे जातो. माझी लिंक अशीच, मला कधी न भेटलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडली. नवे साहेब कशाला उघडतील? त्याआधी स्वीय सहायकच मेल चाळतो. परदेशातून आलेलं इंग्रजी पत्र, वर 'येथे क्लिक करा'. तो ते फसवणुकीचा मेल समजून काढून टाकतो. सायबर सुरक्षेची इतकी परिपत्रकं वाचलेल्या माणसाला दोष तरी कसा द्यायचा?

यावर उपाय आहे, पण तो अर्ज उघडायच्या आधीच करावा लागतो. अधिकाऱ्याला सरळ विचारा: तुमच्या नावाचा, बदलीनंतरही तुमच्याकडेच राहणारा सरकारी ईमेल आहे का? अनेकांकडे पदनामाच्या पत्त्याशिवाय स्वतःच्या नावाचाही पत्ता असतो. तो दिलात की अर्धं काम झालं. नसेल तर खासगी पत्ता द्या, पण पत्र लेटरहेडवर असू द्या आणि त्यात हुद्दा, कार्यालय, दूरध्वनी स्पष्ट लिहिलेला असू द्या. लिंक पाठवली त्याच दिवशी फोन करून 'स्पॅममध्ये पाहा' असं सांगा. मेल पोचला की नाही हे तिकडून कोणी कळवत नाही.

दुसरी अडचण आपल्याकडची जुनी सवय: 'तू लिहून आण, मी सही करतो.' बऱ्याचदा हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण तिन्ही पत्रं एकाच हाताने लिहिली की तिन्हींत तीच विशेषणं येतात, वाक्यंही तितक्याच लांबीची होतात आणि अर्जातल्या निबंधाशी भाषा जुळते. रोज अर्ज वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळतं. शिवाय हा सरळसरळ नियमभंग आहे. त्याऐवजी एक पान टिपणं द्या: कोणत्या विषयावर काम केलं, कधीपासून कधीपर्यंत, कुठला निर्णय बदलला, कुठे विरोध झाला, काय जमलं नाही. यातलं 'काय जमलं नाही' हे अधिकारी वगळतात. त्यांना आवर्जून सांगा की तेच उपयोगी आहे. 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, वर्तन उत्तम' हा चारित्र्याचा दाखला झाला. त्याऐवजी पाणीपुरवठ्याच्या थकबाकीची यादी गावनिहाय लावून कोणत्या ग्रामपंचायतींकडे आधी जायचं हे याने ठरवलं, अशी एक ओळ असेल तर दोन पानांच्या कौतुकापेक्षा ती जड ठरते.

तिसरी गोष्ट फाईलची. काही कार्यालयांत साहेब 'हो' म्हणतात आणि तुमचा अर्ज आस्थापना शाखेकडे मार्क करतात. तिथे त्याला आवक क्रमांक मिळतो, टिप्पणी लिहिली जाते, लेटरहेडवर पत्र देता येईल का यावर अभिप्राय मागवला जातो. एका कार्यालयात माझा कागद याच चक्रात फिरत राहिला. पहिल्या भेटीतच स्पष्ट करा: हे कार्यालयाचं प्रमाणपत्र नाही, वैयक्तिक मत आहे, त्याला जावक क्रमांक लागत नाही.

आणि वेळ. एमपीपीची मुदत साधारण जानेवारीच्या सुरुवातीला असते. त्याच्या आधीचा महिना म्हणजे नागपूरचं हिवाळी अधिवेशन. आमदारांच्या तारांकित प्रश्नांची उत्तरं जायची असतात, तेव्हा कोणताही अधिकारी तुमचं पत्र लिहीत बसणार नाही. प्राध्यापक त्याच वेळी सत्र परीक्षेत असतात. म्हणून टिपणं दिवाळीपूर्वी द्या. अर्ज सादर करायला पत्रं आलेली असण्याची गरज नसते. अर्ज आधी सादर करून पत्रं मागून येऊ शकतात, फक्त मुदतीच्या आत. हे माहीत नसल्याने लोक अर्ज रोखून बसतात. यंत्रणेतून आठवणीचा मेलही पाठवता येतो.

हो, नावाचं राहिलं. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि वेगळ्या ओळीत आईचं नाव असतं. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव भरा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद स्कॅन करून ठेवा. पत्र देणाऱ्यालाही पासपोर्टवरचंच नाव लिहायला सांगा.

हार्वर्डच्या केनेडी स्कूललाही अर्ज करत असाल तर तिथेही तीनच पत्रं लागतात. अमेरिकी अर्जात 'पत्र पाहण्याचा हक्क सोडता का' असा प्रश्न येतो. तो 1974 च्या तिथल्या एका कायद्यामुळे असतो. हक्क सोडल्याची खूण करा, नाहीतर पत्राचं वजन घटतं. तिथल्या एमपीए-आयडी या आंतरराष्ट्रीय विकासावरच्या अभ्यासक्रमाला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस (पदवी पातळीवरचं गणित) झालेलं असावं लागतं. बीएच्या वाटेने आलेल्यांनी हे आधी तपासावं, शेवटच्या महिन्यात ते शिकून होत नाही.

सरकारी नोकरीत असाल तर ना हरकत आणि अध्ययन रजेचा अर्ज वेगळा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये त्याच्या अटी आहेत. शिफारस देणारा आणि रजा मंजूर करणारा एकच साहेब असेल तर दोन्ही कागद एकाच भेटीत पुढे करू नका. दोन्ही एकाच फाईलला लागतील आणि फाईल वर जाईल.

चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचं वेळापत्रक वेगळं आहे. त्याची मुदत ऑक्टोबरमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या बरीच आधी संपते. दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात. संदर्भपत्रं मात्र मुलाखतीसाठी निवड झाल्यावर मागतात, दोन. तोपर्यंत तुमचे साहेब तिसऱ्या जिल्ह्यात गेलेले असू शकतात, म्हणून पहिल्या पत्राच्या वेळीच त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर घेऊन ठेवा. कार्यालयाचा लँडलाईन स्वीय सहायकाच्या टेबलावर वाजतो.