पाटी आमच्या दारावर

जिन्यात धूळ नव्हती हे मी आधीच सांगून ठेवते. इथे जर्मनीत, मुलाकडे श्टुटगार्टमधे, धूळ येणार तरी कुठून, खिडक्या बंद, बूट दाराबाहेर. तरी परवा शनिवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, बेल वाजवली, आमच्या दारावर लटकवलेल्या पाटीकडे बोट केलं आणि मग जिन्याकडे. आवाज चढवला नाही, उलट हसत होत्या, सून घरात नव्हती आणि मला जर्मनचं एक अक्षर येत नाही, तरी सगळं कळलं. अख्खा संसार चाळीत केलेल्या बाईला असलं कळायला भाषा लागत नाही.

तर या प्रकाराला इथे केरवोखे म्हणतात. घरोघरी आठवड्याची पाळी असते, पाटी ज्याच्या दारावर त्याने जिना झाडायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा पुसायचा, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. ही झाली छोटी. मोठी केरवोखे म्हणजे तळघर, बाहेरची पायवाट, हिवाळ्यात बर्फसुद्धा. मुलगा सांगत होता की १४९२ सालच्या इथल्या शहराच्या कायद्यात आपापली घाण बाहेर नेऊन टाकायचा नियम होता, मग १७१४ मधे रस्तेसफाईचा हुकूम निघाला, आणि सक्ती महानगरपालिकेने काढली ती थेट १९८८ मधे. पण घरभाड्याच्या करारात ती अजून असते. म्हणजे कायदा गेला, खालच्या बाई राहिल्या.

मला राग कशाचा आला सांगू का, स्वच्छ असलेलं परत स्वच्छ करायचं याचा. मी मुलाला म्हटलं, अरे बघ तरी, बोट फिरवून बघ, आहे का काही? तर म्हणतो, "आई, घाण आहे की नाही हा प्रश्नच नाही, आपली पाळी आहे." रविवारी आवाज करायचा नाही म्हणून सगळ्यांची धावपळ शनिवारी. वरच्या मजल्यावर एक मोठे इंजिनियर राहतात, चांगले साठीचे, ते हाफ पँट घालून फुटपाथ झाडत असतात, आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. हे मात्र मला आवडलं, खोटं कशाला बोलू. आमच्या ह्यांनी आयुष्यात झाडू हातात धरला नाही, आणि धरला असता तर सासूबाईंनी मलाच बोल लावला असता.

सासूबाईंवरून आठवलं. वरळीची बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस खोल्या आणि मधून पॅसेज. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं की सकाळी दार उघडलं की आधी दारासमोरचं झाडायचं, पाणी मारायचं, दोन बोटं रांगोळी ओढायची आणि मगच चहाचं आधण. प्रत्येकीच्या दारासमोरची फरशी नुसती लखलखायची. पण शेजारच्या आणि आमच्या भागात कोणी रेघ मारलेली नव्हती तरी झाडू बरोब्बर तिथेच थांबायचा, वीतभर पलीकडे जाणार नाही. आणि जिना? जिना कोणाचाच नव्हता. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, त्या थांबाव्यात म्हणून देवाच्या फोटोच्या टाईल्स लावल्या, तर लोक टाईल सोडून बाजूला थुंकायला लागले.

संडास साफ करायला सफाई कामगार यायचे. त्यांना आम्ही चहा द्यायचो, कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा घातलेला. आता नातवंडं ऐकली की डोळे मोठे करतात. पण तेव्हा सगळ्यांकडे तसंच होतं, आणि आमच्याकडे निदान चहा तरी मिळायचा, कितीतरी दारांवर पाणीसुद्धा विचारत नसत. इंजिनियर फुटपाथ झाडताना दिसले की हा कप मला का आठवतो कोण जाणे.

आणि नुसत्या जिन्यावर काय ठरवता हो? गणपतीत आख्खा मजला धुवून निघायचा, पोरंसोरं बादल्या घेऊन. पॅसेजमधे लग्नाच्या पंगती बसल्यात आमच्याकडे. माझ्या बाळंतपणात समोरच्या वहिनींनी महिनाभर डबा दिला, हिशेब नाही काही नाही. इथल्या खालच्या बाईंनी मला अजून नावसुद्धा विचारलेलं नाही, जिना मात्र पायरी न् पायरी पाठ. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणे, बहिणींनी एकमेकींचं काय घेतलं ते देवाला माहीत.

वरळीला आमच्या चाळींच्या जागी बांधलेल्या नव्या टॉवरच्या पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मधे मिळाल्या, त्यात माझी जुनी शेजारीण पण आहे, ५०० चौरस फूट, लिफ्ट, सगळं. फोनवर म्हणाली, आता पॅसेजचं आपल्याला काय करायचंय, माणसं येतात साफ करायला. कोण माणसं, विचारलं तर म्हणे काय माहीत, बदलत असतात.

इथेही पैसे देऊन करून घेता येतं, मुलगा तेच म्हणतोय, सून म्हणते आई तुमचे गुडघे. मी म्हटलं, मी असेपर्यंत राहू दे, मला दुपारी दुसरं काम तरी काय आहे, आणि त्या बाईंना एकदा दाखवायचंय की जिना कसा पुसतात. पुढच्या आठवड्यापासून मोठी पाळी, तळघरासकट. फक्त इथला झाडू जमत नाही, उभ्याने मारायचा, लांब दांड्याचा, कोपऱ्यातला केर निघतच नाही त्याने. कोणी इकडे येणार असेल तर एक चांगली केरसुणी आणा, विमानात नेऊ देतात का ते आधी विचारून घ्या बाई.