कॅथलिक व्हायला किती दिवस लागतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हा प्रश्न बहुतेक जण असाच विचारतात: किती दिवस? कोर्स आहे, शेवटी परीक्षा आहे आणि पास झालं की बाप्तिस्मा, असं काहीतरी मनात असतं. परीक्षा कुठेही नाही. आणि दिवसांचं उत्तर तुम्ही कोण आहात यावर ठरतं. म्हणून फादर (धर्मगुरू) पहिल्याच भेटीत तुम्हालाच दोन प्रश्न विचारतील: तुमचा बाप्तिस्मा आधी झालाय का? आणि लग्न झालंय का, झालं असेल तर कसं आणि कोणाशी?

पहिला प्रश्न असा की ज्याचा बाप्तिस्मा दुसऱ्या ख्रिस्ती पंथात पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालाय, त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. अशा माणसाची तयारी वेगळी आणि पुष्कळदा छोटी असते. आधी पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली), मग भर मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) विश्वासाची कबुली, दृढीकरण (पवित्र तेल लावून श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि कम्युनियन (पवित्र भाकर घेणं). ऑर्थोडॉक्स व्यक्तीचं तर दृढीकरणही झालेलं धरतात, त्यामुळे विश्वासाची कबुली पुरते. बाप्तिस्मा न झालेल्यांना ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देतात, पण यांना ईस्टरची वाट पाहावी लागत नाही. वाट पाहावी लागते ती कागदाची. जुन्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला येईपर्यंत महिने जातात, तेव्हा पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका. दाखला मिळालाच नाही तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्याची साक्ष चालते. चौकशी करूनही शंका उरली तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर…’ असं म्हणून सशर्त बाप्तिस्मा देतात. शब्दांकडे मात्र काटेकोरपणे पाहतात. ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही तुला देतो’ म्हटलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय रोमने २०२० साली दिला.

लग्नाचा प्रश्न लोक टाळतात, आणि सगळी गाडी तिथेच अडते. दोन बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तींचं लग्नही चर्च खरं लग्न मानतं. त्यामुळे आधीचा घटस्फोट झालेला असेल आणि आता दुसरा संसार असेल, तर कोर्टाचा कागद दाखवून काम भागत नाही. पहिलं लग्न मुळात वैध होतं का, याचा निवाडा धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचं) न्यायालय करतं. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली आणि दुसऱ्या न्यायालयाने निकालावर शिक्कामोर्तब करण्याची अट काढली, तरी वेळ लागतोच. तुमचा पहिला संसार नसेल पण जोडीदाराचा असेल, तरी हीच गोष्ट. हे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, सण चार आठवड्यांवर आलेला असताना बाहेर आलं, तर कोणी काही करू शकत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत सगळं सांगून टाका. आणि फक्त कॅथलिक व्यक्तीशी लग्न करायचंय म्हणून आला असाल, तर धर्म बदलायची सक्ती नाही. बिशपांच्या परवानगीने बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशीही चर्चमध्ये लग्न होतं. खरं तर कोणालाही जबरदस्तीने किंवा आमिषाने आणू नये, असं चर्चचाच नियम सांगतो. कोणी पैसे मागत असेल किंवा देत असेल, तर तिथून उठा.

आता ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांचा रस्ता. चौथ्या शतकात प्रौढांना महिनोन्‌महिने तयार करून ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा देत. पुढे संत झालेल्या ऑगस्टीन यांना मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ३८७ साली असाच दिला. पुढे तान्ह्या बाळांचे बाप्तिस्मे सर्वत्र झाले आणि ती रीत मोडली. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती परत आणली, आणि १९७२ साली तिचा नवा विधिग्रंथ आला. आज धर्मग्रामात (स्थानिक चर्चच्या हद्दीत) जे चालतं, ते त्यावर. सात वर्षांपुढच्या मुलालाही या नियमात प्रौढच धरतात, हे आईबापांना ठाऊक नसतं.

सुरुवात नुसत्या बोलण्याने होते. या टप्प्यात काही वचन द्यायचं नसतं, वाटेल तो प्रश्न विचारायचा. मग स्वीकारविधी: दारात उभं करून विचारतात, देवाच्या चर्चकडे काय मागतोस? उत्तर: विश्वास. कपाळावर क्रूसाची खूण करतात, आणि हवं तर कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही. या दिवसापासून तुम्ही दीक्षार्थी. दीक्षार्थी मेला तर त्याला ख्रिस्ती दफनविधीही मिळतो, इतकं त्याचं नातं मानलं जातं.

पुढचे महिने सगळ्यात लांब, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. इथे शिकवणाऱ्यांची चूक ठरलेली: प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची. पाठांतर हवंच, पण रविवारची मिस्सा, बायबलचं वाचन, रोजची प्रार्थना आणि गरजूंसाठी काही काम ही तयारीची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. रविवारी दीक्षार्थींना प्रवचनानंतर बाहेर पाठवतात, तेव्हा हकालपट्टी झाल्यासारखं वाटतं. तसं नाही. नुकतं ऐकलेलं शुभवर्तमान घेऊन बसायला पाठवतात. हा काळ गरज पडली तर काही वर्षंही चालू शकतो, घाई करणारा फादर चांगला असेलच असं नाही.

याच काळात धर्मपिता किंवा धर्ममाता निवडायची. एक पुरते, दोन हवे असतील तर एक पुरुष, एक स्त्री. वय किमान १६, दृढीकरण झालेलं, कम्युनियन घेणारी, श्रद्धेने जगणारी कॅथलिक व्यक्ती. तुमचे स्वतःचे आईबाप चालत नाहीत. नात्यातला मोठा माणूस मानापोटी घेतात आणि तो ईस्टरनंतर दिसत नाही. जवळ राहणारा, रविवारी शेजारी बसणारा माणूस घ्या.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवडविधी, बहुधा कॅथेड्रलमध्ये (बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये) बिशपांपुढे. तिथे नाव वहीत लिहिलं जातं. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षणविधी. नावावर जाऊ नका, त्यात कोणी काही विचारत नाही. वाचले जातात योहानाच्या शुभवर्तमानातले तीन उतारे: विहिरीवरची शमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाजरस. तहान, आंधळेपण, मरण, या क्रमाने प्रार्थना होते. दरम्यान विश्वासांगीकार (चर्चच्या श्रद्धेचं ठरलेलं निवेदन) आणि प्रभूची प्रार्थना विधिपूर्वक सोपवतात. विश्वासांगीकार मात्र पाठ हवा, कारण पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, तो परत म्हणायचा असतो.

त्या शनिवारी शक्यतो उपवास आणि शांतता, कामाला जाऊ नका. रात्रीची मिस्सा अंधार पडल्यावर सुरू होते. जुन्या करारातली सात वाचनं असतात, कमी केली तरी तांबडा समुद्र पार करण्याचं सोडत नाहीत. मग संतांची लितनी (संतांची नावं घेऊन केलेली प्रार्थना), पाण्याचा आशीर्वाद, पापाचा त्याग, आणि तीन वेळा पाणी ओतून किंवा बुडवून बाप्तिस्मा. बुडवणार असाल तर कोरडे कपडे आणि टॉवेल धर्मपित्याच्या हातात असू द्या. पांढरा झगा, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवर पेटवलेली मेणबत्ती, लगेच पवित्र तेलाने दृढीकरण आणि त्याच मिस्सेत पहिली कम्युनियन. बिशप नसले तरी बाप्तिस्मा देणारा धर्मगुरूच दृढीकरण देतो. या रात्रीआधी पापनिवेदन लागत नाही: बाप्तिस्माच सारी पापं धुतो. नवीन नाव घ्यायचीही सक्ती नाही.

ईस्टरनंतर पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत) पन्नास दिवस, मिळालेल्या संस्कारांचा अर्थ उलगडायचे. वर्ग संपले म्हणून इथेच बरेच जण गळतात. गट सुटू देऊ नका, आणि पहिलं पापनिवेदन कसं करायचं तेही याच दिवसांत शिकून घ्या.

आणखी एक. आठवड्याभरात कचेरीत जाऊन बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तुमचं नाव, जन्मतारीख आणि आईबापांची नावं नीट लिहिली आहेत का, ते स्वतः वाचून बघा. पुढे लग्नाची नोंदही याच ओळीसमोर होते, आणि दाखला मागायला तुम्ही आयुष्यभर याच चर्चकडे येणार आहात.