बंब कोणी पळवला?

पावसाळ्यात गुहागरला रात्री साडेनऊला वीज असेलच असं नाही, म्हणून इन्व्हर्टर घेतला तो खास या क्लाससाठी. स्पेनमध्ये तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. व्हॅलेन्सियाच्या एक नर्सबाई ड्यूटी संपवून माझ्याकडे ऑनलाइन इंग्रजी शिकायला बसतात.

सध्या गुन्हेगारीचा धडा चालू आहे. पुस्तकातला हा धडा मला मुळीच आवडत नाही. थीफ, बर्गलर, पिकपॉकेट, शॉपलिफ्टर अशी चोरांची जंत्री, खाली जोड्या लावा, आणि चार पानं उलटल्यावर, जणू काही संबंधच नाही अशी, रिलेटिव्ह प्रोनाउन्स, म्हणजे हू-विच-दॅट, आपली जो-जी-जे. अहो, पोलीस तपास म्हणजे दुसरं काय असतं? ज्याने पाहिलं तो, जिथे सापडलं ती जागा, ज्याच्याकडे किल्ली होती तो. मी दोन्ही एकत्रच शिकवते.

शब्दांत बाई अडकतात ते रॉब आणि स्टीलपाशी. आपल्याला ते सोपं जातं: बँक लुटतात, पैसे चोरतात. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे रोबार चालतं, त्यामुळे बाईंच्या वाक्यातल्या चोरांनी आख्खी बँकच उचलून नेली. घरफोडीलाही त्या रॉबरी म्हणायच्या. त्याला कारण आहे. स्पेनच्या कायद्यात बळ न वापरता केलेली चोरी म्हणजे उर्तो. कुलूप तोडून किंवा माणसाला धाक दाखवून केली की रोबो. इंग्रजीत रॉबरीला समोर माणूस लागतो. बंद घर फोडलं तर ती बर्गलरी.

बंद घरांना आमच्याकडे काय तोटा! चाकरमानी गणपतीला येतात आणि पुन्हा कुलूप लावून मुंबईला जातात. म्हणून मी एक प्रकरण रचलं: बंद घरातला तांब्याचा बंब चोरीला गेला. बंब म्हणजे काय हे सांगण्यात पाच-दहा मिनिटं गेली. शेवटी न्हाणीघरातला आमचाच लॅपटॉपसमोर आणून ठेवला. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, बाहेरून काजळी. तेवढ्यात माजघरातून सासूबाई, "अगो, काय चोरलंन कोणी?"

काजळीचा फायदा झाला. ज्या माणसाचे हात काळे होते तो संशयित, हे बाईंनी सांगितलं ते "द मॅन दॅट हिज हॅन्ड्स वेअर ब्लॅक" असं. तिथे हूज हवं. त्यांच्याकडे कुयो आहे, आणि ते पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, अगदी आपल्या ज्याचा-ज्याची-ज्याचेसारखं. पण बोलताना लोक ते टाळतात आणि के सू, म्हणजे 'दॅट हिज'सारखं काहीतरी, म्हणून मोकळे होतात. इथली मुलं "द मॅन हू केम, ही इज माय अंकल" म्हणतात, कारण जो आला की मागोमाग तो यायलाच हवा. दोघांकडेही एक सर्वनाम जास्तीचं, पण औषध वेगळं. बाईंना मी हूज घोकायला लावलं. मुलांना 'ही' खोडायला लावते.

उलट अडचण गाळण्याची. "द मॅन आय सॉ" यात इंग्रजी हू सहज टाकून देते. स्पॅनिशमध्ये के असा टाकता येत नाही, त्यामुळे बाईंना वाक्य लंगडं वाटतं. वाटू दे. ऐकताना कळलं म्हणजे झालं, बोलताना हू घातलं म्हणून कोणी पकडून नेत नाही.

खरी गंमत आली स्वल्पविरामात. घरमालकाचे तीन गडी. "द वर्कर्स, हू हॅड कीज, वेअर अरेस्टेड" असं लिहिलं की तिघांकडे किल्ल्या होत्या आणि तिघेही आत गेले. स्वल्पविराम काढले की ज्यांच्याकडे किल्ल्या, तेवढेच आत. स्पॅनिशमध्येही हा भेद स्वल्पविरामानेच होतो, म्हणून बाईंना तो चटकन पटला. फक्त तिथे त्या दॅट लिहू पाहतात, कारण के दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत अशा स्वल्पविरामानंतर दॅट घालत नाहीत.

बाईंनी स्वल्पविराम खोडले आणि दोन गडी सोडून दिले. तिसऱ्याकडे किल्ली होती, पण एवढा जड बंब त्याने नेला कशातून? "द टेम्पो इन विच" असं त्यांनीच सुरू केलं. शब्दयोगी अव्यय आधी घ्यायची त्यांना घरचीच सवय, त्यामुळे हे बिनचूक येतं. "द टेम्पो ही टुक इट इन" असं शेवटी इन लोंबकळत ठेवायचं मात्र जिवावर येतं. टेम्पो कोणाचा, ते पुढच्या तासाला ठरवायचं आहे.